कंट्रोल ग्रुपची आळी

त्र्यंबकेश्वरच्या एसटी स्टँडवर उतरलं की पहिला प्रश्न कानावर येतो, "कुठले तुम्ही?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आडनाव काय?" शहरातून आलेल्या माणसाला त्यात उगाच चौकशीचा वास येतो. पण विचारणाऱ्याला तुमच्यात फारसा रस नसतो, तुमच्या आजोबांत असतो. गाव आणि आडनाव कळलं की तुमचं घराणं कोणत्या तीर्थोपाध्यायांकडचं ते ठरतं, आणि मग एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून फडक्यात बांधलेली लांबट वही खाली येते. त्या वहीत तुमचे पणजोबा असतात. ते कोणत्या साली आले, बरोबर कोण होतं, कुणाचं श्राद्ध केलं, आणि खाली त्यांची वळणदार मोडी सही. पणजोबांच्या सहीसमोर उभं राहिलं की आपण कुठेतरी फार उशिरा पोचलो आहोत असं वाटतं. इतक्या लांबून आलेल्या त्या सहीशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून आपण गुरुजींना दक्षिणा किती ते विचारतो.

वहीत एक गोष्ट मात्र नसते. पणजोबा कशाने गेले, शेवटच्या वर्षांत त्यांच्या पायाची जखम का भरत नव्हती, घरात आणखी कुणाला तसं झालं होतं का, याचा रकाना गुरुजींकडे नाही. तो भरायला हल्ली दुसरी माणसं येतात. बहुतेक विशीतल्या मुली असतात, पांढरा ॲप्रन, हातात क्लिपबोर्ड. तीसेक किलोमीटरवर नाशिकला म्हसरूळमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ते १९९८ साली स्थापन झालं आणि वैद्यकीपासून आयुर्वेदापर्यंत आणि दंतवैद्यकापासून नर्सिंगपर्यंत राज्यभरची महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आली. एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्यांना प्रबंध लिहावा लागतो, आणि या प्रबंधांच्या शीर्षकांवर माझं मनापासून प्रेम आहे. 'निवडक गावांतील निवडक मधुमेही व्यक्तींच्या पायांच्या निगेविषयीच्या ज्ञानावर सुनियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता अभ्यासणे' अशा घाटाचं ते असतं. लोक अशा शीर्षकांना हसतात. त्र्यंबकात वाढलेला माणूस हसणार नाही, कारण त्याने संकल्प ऐकलेला असतो. गुरुजी संकल्प सोडताना द्वीपापासून सुरुवात करतात, मग खंड, मग नदीचा तीर, मग संवत्सर, अयन, ऋतू, तिथी असं नेमकं नेमकं करत शेवटी पाटावर घामेजून बसलेल्या एका यजमानाच्या गोत्रापर्यंत येतात. अफाट विश्वातून एक माणूस वेगळा काढायचा तर एवढी लांबी लागतेच.

अशाच एका प्रबंधात माझी आत्या सापडली. ती कुशावर्त कुंडाच्या मागच्या आळीत राहते. तिला मधुमेह आहे, पण तो तिला मान्य नाही. "डॉक्टरांना वाटतं" एवढंच ती त्याबद्दल म्हणते. चैत्रातल्या एका सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. ही पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची. घरात पहिली पदवीधर, हे नंतर आत्याच्या उलटतपासणीत निघालं. मुलीने आत येऊन आधी जुना पेपर अंथरला, त्यावर आपली बॅग ठेवली, बॅगेतून फक्त साबण आणि पंचा काढला, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि मगच बॅग पूर्ण उघडली. घरभेटीला जाणाऱ्या नर्सला ही रीत काटेकोर शिकवतात. एका घरातले जंतू बॅगेतून दुसऱ्या घरात जाऊ नयेत म्हणून बॅग जमिनीला लागू द्यायची नाही, न धुतलेला हात आत घालायचा नाही, वापरलेली वस्तू स्वच्छ केल्याशिवाय परत ठेवायची नाही. आत्या हा सगळा विधी डोळे बारीक करून पाहत होती. आयुष्यभर तिने ज्या सोवळ्यासाठी सुनांचा जीव नकोसा केला, ते सोवळं ॲप्रन घालून तिच्या ओटीवर चालत आलं होतं. "कुणी शिकवलं गं तुला?" तिने विचारलं. "कॉलेजात, आजी." आत्याने कॉलेजच्या शिक्षणाबद्दलचं आपलं मत त्या क्षणी बदललं.

मग प्रश्नावली. वयाच्या रकान्यापाशी पहिली अडचण आली. आत्या आपलं वय वर्षांत सांगत नाही. "सात सिंहस्थ पाहिलेत, आठवा बघायचाय," ती म्हणाली. मुलीने क्षणभर पेन थांबवलं, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो म्हणून मनात बारा साती केलं, आणि '८० वर्षांपुढील' या चौकटीत बरोबरची खूण केली. मग ती कुटुंबाचा नकाशा काढायला लागली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर काट, आणि ज्याला साखर त्याचं चित्र भरीव. तीन पिढ्या हव्या असतात. त्र्यंबकात तीन पिढ्या सांगायला कुणी अडखळत नाही, श्राद्धाला तेवढ्या लागतातच. आत्याने वडील, आजोबा, पणजोबा एका दमात म्हणून टाकले, मागोमाग आई, आजी, पणजीही. फरक एवढाच की पाटावर त्यांना पिंड मिळतो आणि इथे त्यांना विचारलं जात होतं, तुमचा पाय कधी काळा पडला होता का. "आजोबांचा अंगठा काढला होता," आत्या अचानक म्हणाली. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. तिलाही बहुधा कित्येक वर्षांनी आठवलं असावं. मुलीने एक चौकोन भरीव केला. आमच्या घराण्याच्या इतिहासात त्या सकाळी एका ओळीची भर पडली, आणि ती भर घालणारी मुलगी आमच्या गावची नव्हती की गोत्राची.

खरी पंचाईत पुढे होती. 'तुम्ही अनवाणी चालता का? होय / नाही.' आत्या म्हणाली, "देवळात की रस्त्यावर?" मुलगी म्हणाली, "कुठेही." आत्या म्हणाली, "देवळात चालणं म्हणजे चालणं नाही." यावर कोणतीही चौकट नव्हती. ज्या गावात कुशावर्तावर, मंदिरात, निवृत्तिनाथांच्या समाधीशी आणि निम्म्या घरांच्या उंबऱ्याशी चपला काढाव्या लागतात, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो लोक रात्रीच्या पावसात ब्रह्मगिरीची फेरी घालतात आणि त्यातले कित्येक अनवाणी असतात, त्या गावात हा प्रश्न विचारणं म्हणजे माशाला तू ओला होतोस का विचारणं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. साखर बराच काळ वाढलेली राहिली की मज्जातंतू मरगळतात, आणि ज्या मज्जातंतूंना सगळ्यांत लांबचा पल्ला असतो ते आधी, म्हणजे पायांचे. खडा रुतला तरी कळत नाही, चैत्रातला फरशीचा चटका कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस समाधानाने चालत राहतो. दुखणं ही केवढी मोठी सोय आहे, हे ते गेल्याशिवाय ध्यानात येत नाही.

प्रश्नांच्या या कागदाला मोठी परंपरा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातात दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत येते, पण तिचं खरं हत्यार रकाने हे होतं. क्रिमियातले सैनिक गोळ्यांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने १८५८ साली रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत मांडलं. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांकडे तिच्या प्रश्नावल्या आल्या, पाणी कुठलं, गटार कुठे, आणि त्या उत्तरांवर आधारलेलं तिचं टिपण १८६३ सालच्या अहवालात आलं. छावण्यांच्या पाण्याचं पृथक्करण वाचून तिने लिहिलं की हे एखाद्या गुंतागुंतीच्या औषधाच्या चिठ्ठीसारखं वाटतं, आणि त्यातले प्राणिज आणि वनस्पतिज पदार्थ हे अधिकारी पौष्टिक समजत असावेत. बाई विनोदी होती. अंथरुणाला खिळून, हजारो मैलांवरच्या पाण्याची चौकशी करत राहणाऱ्या माणसाला विनोद ठेवावाच लागत असेल.

प्रश्नावली संपल्यावर मुलीने बॅगेतून एक काडी काढली. काडीच्या टोकाला नायलॉनचा बोटभर धागा. तो तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. तेवढा ज्याला कळत नाही त्याचा पाय धोक्यात. आत्याने डोळे मिटायचे, आणि स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. आत्याने डोळे मिटले, हात जोडावेत तसे मांडीवर ठेवले, आणि मुलगी अजून धागा सरळ करत होती तेवढ्यात म्हणाली, "हो." मुलगी थांबली. "आजी, अजून लावला नाही." "बरं," आत्या म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हो." या वेळीही धागा हवेतच होता. मग माझ्या लक्षात आलं की मुलगी मुद्दामच मध्ये मध्ये न टेकवता वाट पाहते. तशी पद्धतच आहे. कारण माणसं फार भली असतात. एवढ्या लांबून पोर आली, उन्हात आली, तिला "नाही" काय म्हणायचं, असं आत्यासारख्या हजारो म्हाताऱ्यांना वाटतं, आणि शास्त्राला या भलेपणाची वजाबाकी करावी लागते. डाव्या अंगठ्याखाली धागा खरोखर टेकला, वाकला, तेव्हा आत्या गप्प होती. डोळे मिटून, चेहऱ्यावर एवढासा उत्सुक भाव, आता विचारतील मग म्हणू या, अशी. मुलगी थोडा वेळ तशीच थांबली. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत्याच्या पायावर आपला हात तसाच ठेवून पुढचं बोलायला लागली.

अशा लबाड्या मला जुन्या ओळखीच्या आहेत. माझी मावशी नर्स होती. आमच्याकडे तिला नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही, ती सगळ्यांची सिस्टरमावशी. कपाळावर उलटा हात ठेवून ती ताप सांगायची आणि मग थर्मामीटर लावायची, पुरावा म्हणून. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायचं वेळापत्रक तिने रेडिओला बांधून टाकलं. सकाळच्या बातम्यांना डावी कूस, वनिता मंडळाला उजवी, आणि रात्री 'आपली आवड' सुरू झाली की उताणी. आजीला शेवटपर्यंत शय्याव्रण झाला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की अमेरिकेतल्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन नर्स-संशोधिकांनी १९८७ साली याच काळजीची गुणपत्रिका प्रसिद्ध केली होती. रुग्णाला स्पर्श किती कळतो, अंग किती ओलं राहतं, हालचाल किती, खाणं किती, चादरीवर घसरतो किती, असे सहा विषय. कमीत कमी ६, जास्तीत जास्त २३, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. मावशीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं, आता सुना ऐकतील. घरातल्या बाईचं शहाणपण सुनांनी ऐकायला परदेशातून आकडा यावा लागतो, ही तिची जुनी तक्रार होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

तिने मला नर्सिंगमधलं एक गुपित सांगितलं होतं. नाडी मोजताना माणसाला सांगितलं तरी चालतं, श्वास मोजताना सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वास घ्यायला लागतो, म्हणजे मुद्दाम, नीट, शहाण्यासारखा. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. रुग्णाला वाटतं अजून नाडीच पाहतेय, आणि नर्सची नजर छातीच्या हळूहळू वर-खाली होण्याकडे असते. पूर्ण मिनिटभर हात हातात. कामाची घाई असली की हे मिनिट कापलं जातं आणि वॉर्डातल्या तक्त्यावर सगळी माणसं एका चालीत श्वास घेऊ लागतात. १८, १८, १८. हर्नियावाला १८, दमेकरी १८, ज्याला उद्या सोडायचं तोही १८. मावशी असे तक्ते दुरून ओळखायची. "ही मुलगी हात न धरता आली," म्हणायची.

श्वासांचं हे मोजणं किती मोलाचं असतं ते गडचिरोलीत दिसलं. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने तिथल्या दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं ठरवलं, पण ज्या बाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही ती श्वास कसे मोजणार? तेव्हा मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी असलेलं एक साधं यंत्र तयार झालं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत लाल मणी आला तर धोका. त्र्यंबकात गल्लोगल्ली रुद्राक्षाच्या माळा टांगलेल्या पाहिल्या की मला त्या मण्यांची आठवण होते. तिथे मणी ओढणारी बाई दुसऱ्याच्या श्वासासाठी जपत असते. पुढे त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आकडा छापून आला. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी दिवस मोजून जातात, त्या पायवाटेचा एक पदर तिथला आहे. पण मला यात ती तुलनेची गावं फार विचारात पाडतात. कुणाला तरी आधी शिकवायचं आणि कुणाला तरी फक्त पाहत राहायचं, हे शास्त्राला करावं लागतं, नाहीतर फरक आपल्यामुळे पडला की पावसामुळे ते कळत नाही. पोटात कालवाकालव होणार, आणि तरी करायचं.

आमच्या मुलीलाही तसंच करायचं होतं. आत्याची आळी प्रयोगाची. पलीकडची, देवळाच्या बाजूची आळी कंट्रोल ग्रुप. दोन्हीकडे आधी चाचणी, मग फक्त इकडे शिकवणं, सातव्या दिवशी दोन्हीकडे पुन्हा चाचणी. आधीच्या चाचणीत आत्याला तीसपैकी अकरा मिळाले होते. तिने ते मनाला लावून घेतलं. शिकवणं चांगलं रंगलं. मुलीने फ्लिपचार्ट उलटत सांगितलं की रोज पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथे तेल लावायचं नाही, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं नाही, नखं सरळ कापायची, आणि तळपाय दिसत नसेल तर खाली आरसा धरायचा. आत्याने आपल्या सासूच्या फणेरपेटीतला आरसा काढला. ज्या आरशात आयुष्यभर फक्त कुंकू पाहिलं गेलं त्यात तिने पहिल्यांदा आपला तळपाय पाहिला, आणि बराच वेळ पाहत राहिली. "केवढ्या भेगा," ती म्हणाली. जणू त्या दुसऱ्या कुणाच्या होत्या आणि त्या बाईची तिला कीव आली होती.

तिसऱ्याच दिवशी आत्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं (आत्याने स्वतः पन्हं घेतलं की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं नाही). दोन्ही आळ्यांतल्या बायका आल्या. ओटी भरता भरता आत्याने एकेकीला खाली बसवलं, पाय पुढे घ्यायला लावले आणि आरसा धरला. फ्लिपचार्ट नव्हता, पण तिचं पाठांतर पक्कं होतं. बेचकी कोरडी, तेल नाही, शेक नाही. जिला पटलं नाही तिला आजोबांच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत दर वेळी अंगठ्याचा थोडा जास्त भाग काढला जात होता.

सातव्या दिवशी मुलगी आली. आत्याला तीसपैकी सव्वीस. मुलगी आनंदाने पलीकडच्या आळीत गेली आणि तासाभराने उतरलेल्या चेहऱ्याने परत आली. कंट्रोल ग्रुपलाही बावीस-तेवीस पडत होते. ज्यांना काहीच शिकवलेलं नव्हतं त्या बायका बेचकी कोरडी करायला सांगत होत्या, आणि एका आजींनी तर तिलाच तळपाय दाखव म्हटलं. संख्याशास्त्राच्या भाषेत दोन गटांत म्हणावा असा फरक उरलाच नव्हता. म्हणजे सुनियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम, कागदावर, जवळजवळ शून्य. ती ओटीवर बसली. आत्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि अभिमानाने विचारलं, "त्यांनाही आलं ना सगळं?" मुलगी आधी रडवेली झाली, मग हसायला लागली, आणि मग तिला दोन्ही एकदम आवरेना. मावशी असती तर म्हणाली असती, ज्या आळीत वाटीभर साखर मागायला जाता येतं तिथे कंट्रोल ग्रुप टिकत नाही.

प्रबंध बुडाला नाही. मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितलं की प्रबंधात मर्यादांचं एक प्रकरण असतं, ते अशाच वेळेसाठी असतं. दोन गटांतल्या सहभागींमध्ये माहितीची देवाणघेवाण झाली, असं एक वाक्य तिथे पडलं. आत्या अजूनही मंदिरात अनवाणी जाते आणि घरी आल्यावर पाय धुऊन आरसा धरते. ज्ञान चांगलं, आचरण मध्यम, अशी तिची नोंद असावी. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजच्या दोन नव्या मुली आळीत आल्या, विषय गुडघेदुखी. त्यांनी पेपर अंथरला, हात धुतले, संमतीपत्रक पुढे केलं. आत्याने चष्मा लावला, पत्रक वाचल्यासारखं केलं आणि सही करण्याआधी विचारलं, "या खेपेला कंट्रोल ग्रुप कोणती आळी धरलीय?"